दहा तोंडांचा रावण दारातून बाहेर कसा येतो?

रावणाला तोंडं किती? दहा. हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल. पण आता पुढचा प्रश्न. ही दहा तोंडं एका ओळीत बसवली, तर रावणाची रुंदी किती होईल? आणि आपल्या घराचं दार असतं केवढं? मग हा रावण दारातून बाहेर पडतो कसा?

उत्तर सोपं आहे. एक तर तो तिरका होऊन बाहेर पडतो, नाही तर अंगणात येऊन मगच डोकी चढवतो. लंकेचा राजा असला म्हणून दार काही त्याच्यासाठी रुंद होत नाही!

हसलात ना? पण मित्रांनो, रामायण-महाभारतातला खेळ उभा करायचा म्हटलं, की असलेच प्रश्न आधी सोडवावे लागतात. पाठांतर, गाणी, संवाद हे सगळं मागाहून. मारुतीचं शेपूट ताठ कसं ठेवायचं? नरसिंहाला सिंहाच्या तोंडातून दिसणार कसं? रामाचा मुकुट वाकून नमस्कार करताना पडला तर? हे प्रश्न पिढ्यान्पिढ्या सोडवत आलेली माणसं अहमदनगर जिल्ह्यात आहेत. आज त्यांच्याकडेच जाऊ या.

जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण घरातला नकाशा जुना असेल तर त्यात अहमदनगरच सापडेल.) अगदी पश्चिमेच्या टोकाला अकोले तालुका आहे. विदर्भातलं अकोला नव्हे हं, हे अकोले. कळसूबाईचं शिखर, भंडारदऱ्याचं धरण, हरिश्चंद्रगड, रतनगड, सगळं इथंच. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि भाताची खाचरं. होळीच्या सुमाराला शेतं मोकळी झालेली असतात. महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची इथं वस्ती आहे. होळीनंतर, मिरगाचा पाऊस यायच्या आत, या भागातल्या गावांमधून बोहाडा होतो. कुणी त्याला भोवाडा म्हणतं, कुणी आखाडी, तर कुणी नुसतं 'सोंगं'. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूला आणि पलीकडे पालघरच्या मोखाडा-जव्हारकडेही तो होतो.

बोहाडा म्हणजे नाटक का? म्हटलं तर नाटक, म्हटलं तर देवीचा उत्सव. रात्रीची जेवणं उरकली की संबळ वाजायला लागतो, पिपाणी सूर धरते, टेंभे पेटतात. पहिला मान गणपतीचा. मग मोरावर बसून शारदा येते. मोर कमरेला बांधलेला, चालणारे पाय मात्र माणसाचे! आणि मग एकामागून एक सोंगं निघतात. राम, लक्ष्मण, मारुती, रावण, कुंभकर्ण, त्राटिका, हिरण्यकश्यपू, नरसिंह, भस्मासुर, मोहिनी, वेताळ... काही गावांत हे एका रात्रीत आटपत नाही, चांगल्या तीन-तीन, पाच-पाच रात्री चालतं. सगळ्यात शेवटी, पहाटेच्या सुमाराला, देवी आणि महिषासुर समोरासमोर येतात.

या सोंगांच्या तोंडावर मुखवटे असतात. पूर्वी ते लाकूड कोरून करत. पुढं कागदाच्या लगद्याचे आले. मोठाले वटारलेले डोळे, जाड काळ्या भुवया, बाहेर आलेले सुळे, लालभडक जीभ. दिवसा उजेडी असा एखादा मुखवटा हातात घेऊन पाहिला, तर तुम्ही म्हणाल, "काय हे, किती भडक रंगवलंय!" पण जरा थांबा. हा मुखवटा दिवसा पाहण्यासाठी केलेलाच नाही. तो केलाय टेंभ्याच्या उजेडासाठी. टेंभ्याची ज्योत एका जागी राहत नाही, ती फरफरते, हलते. वीज गावात यायच्या आधी तेवढाच उजेड. पटांगणात शेकडो माणसं, त्यात मागं बसलेली म्हातारी आजी, बापाच्या खांद्यावर पेंगुळलेलं पोर. त्या सगळ्यांना पन्नास पावलांवरून, एक शब्द न ऐकता, कळलं पाहिजे की हा आला तो कुंभकर्ण आणि तो मागचा नरसिंह. नाजूक नाक-डोळे काढले असते तर अंधारात काय दिसलं असतं? काही नाही. म्हणून रेघा जाड आणि डोळे थोर. ज्योत हलली की मुखवट्यावरच्या सावल्या हलतात, आणि लाकडाचा चेहरा डोळे फिरवतोय असं वाटतं. पोरं आईच्या पदराआड जातात ती उगीच नाही.

मुखवट्यानं आणखी एक गोष्ट केली, आणि मला तीच फार महत्त्वाची वाटते. मुखवटा घातला की तोंड झाकलं जातं. आतून बोललेलं बाहेर नीट ऐकू येत नाही. मग रावणानं लांबलचक भाषण कसं ठोकायचं? नाहीच ठोकायचं! म्हणून बोहाड्यातली सोंगं फार बोलत नाहीत. ती नाचतात. चेहरा लाकडाचा, तो रागावू शकत नाही, हसू शकत नाही. म्हणून राग मानेतून दाखवायचा, मस्ती खांद्यांतून आणि पावलांतून. संबळवाल्यालाही ते ठाऊक असतं. कुठलं सोंग आलं ते पाहून तो चाल बदलतो. गणपतीची चाल डौलदार, राक्षसाची दणदणीत.

म्हणजे बघा हं. आपल्याला वाटतं, आधी नाटक ठरतं आणि मग त्याला शोभतील असे कपडे शिवतात. इथं उलटं आहे. अंगावर काय चढवलंय त्यावरून खेळ नाचाचा की बोलण्याचा हे ठरतं.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं? कोकणातला दशावतार घ्या. तिथं संकासुरासारखी एखाददुसरी पात्रं सोडली तर चेहरे उघडे असतात, रंगवलेले. तोंड मोकळं, म्हणून दशावतारी राजे बोलण्यात पटाईत! लिहिलेली संहिता नसतानाही दोन राजे भर सभेत अर्धा अर्धा तास एकमेकांना शब्दांनी लोळवतात.

पुन्हा अकोल्याकडे येऊ. मुखवटा अंगावर वागवणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहायची असेल तर घरातली एक पाटी घ्या, ती चेहऱ्यासमोर कापडानं बांधा (मोठं माणूस जवळ असताना, सपाट जमिनीवर!) आणि खोलीत दहा पावलं नाचा. श्वास कोंडतो, घाम डोळ्यांत जातो आणि तो पुसता येत नाही. पायाखालचा दगड दिसत नाही. आता यात लाकडाचं वजन मिळवा. त्यावर पायघोळ झगा, कमरेला शेला, पायांत चाळ, हातात तलवार. एप्रिल-मेचा उकाडा आणि बाजूला पेटते टेंभे. म्हणूनच सोंगाबरोबर सावरणारी माणसं चालतात. नरसिंहाला किंवा देवीला आवेश चढला की त्याला धरणारे हात लागतात. प्रेक्षकांना हे हात दिसत असतात, पण पाहून न पाहिल्यासारखं करायचं अशी जणू बोलीच असते.

हे सोंग घेतो कोण? गावातलाच माणूस. ठरावीक सोंगाचा मान पुष्कळदा ठरावीक घराण्याकडे असतो. आजोबांनी रावण काढला, वडिलांनी काढला, आता मुलगा काढणार. बायकांची सोंगंही परंपरेनं पुरुषच घेत आले आहेत, अगदी देवीचंसुद्धा. सोंग चढवण्याआधी मुखवट्याची पूजा होते. आणि पूजा होऊन तो चेहऱ्यावर आला, की काल आपल्याबरोबर बांधावर बसून भाकरी खाणारा माणूस आज देव झालेला असतो. गावकरी त्याच्या पाया पडतात. त्याच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. पाटील असो नाहीतर मास्तर, त्या क्षणी नमस्कार सोंगालाच. वर्षभर ज्याला कुणी साधं 'अहो' म्हणत नसेल, त्याच्यापुढं सगळा गाव वाकतो. हे काम कुणी केलं? त्या वेशानं.

आता यातली काळजीची बाजूही सांगतो. लाकडाचे जुने मुखवटे टिकवणं सोपं नाही. ओल येते, भुंगा लागतो, रंग उडतो. असे काही मुखवटे संग्रहालयांत पोचले आहेत. पुण्याच्या आदिवासी सांस्कृतिक संग्रहालयात ते पाहायला मिळतात. सहलीला पुण्याला गेलात तर शनिवारवाड्याबरोबर तेही पाहून या. तिथं मुखवटा सुरक्षित आहे यात शंका नाही. पण काचेमागं तो अगदी गप्प असतो. संबळ नाही, टेंभा नाही, खाली नाचणारे पाय नाहीत. गावात मुखवटाच उरला नाही, तर त्या सोंगाची चाल मुलाला शिकवायची कशाच्या आधारानं? आणि बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा राक्षस आणला, तर तो हलका असतो, दिसतोही बरा, पण तो घालून कुणी त्या चालीनं नाचत नाही. वजन नसलं की पाऊलही तसं पडत नाही.

अकोल्याहून पूर्वेला आलं की संगमनेर लागतं. पेशवाईच्या उत्तरकाळात गाजलेले शाहीर अनंत फंदी इथले. तमाशाशी या गावाचं नातं जुनं आहे. प्रसिद्ध तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचं वास्तव्यही इथंच होतं. २०२१ साली त्या गेल्या. वगात त्यांनी चक्क शिवाजी महाराजांची भूमिका केली होती.

तमाशात देवांचा काय संबंध, असं आईबाबा विचारतील. आहे ना! तमाशाची सुरुवात गणानं होते, म्हणजे गणपतीच्या स्तवनानं, आणि मग येते गवळण. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात. गवळणींची पुढारी असते मावशी. आता बोहाड्याच्या हिशेबानं इथं केवढा थाट हवा! मोरमुकुट, पीतांबर, निळा रंग. पण तमाशातला कृष्ण बहुतेकदा नेहमीच्याच कपड्यांत उभा राहतो. आणि मावशी? मिशावाला सोंगाड्या खांद्यावरचं उपरणं उचलतो, डोक्यावरून पदरासारखं घेतो, कमरेवर हात ठेवतो, झाली मावशी! मिशा तशाच. हसून हसून पुरेवाट.

एक उपरणं, एवढाच वेश. पण त्यानं केवढी सोय झाली पाहा. उपरणं खाली टाकलं की मावशी पुन्हा सोंगाड्या. तो देवाशी मावशी म्हणून भांडेल, आणि पुढच्याच वाक्याला सरपंचाला टोमणा मारेल. जड मुकुट घातलेल्या देवाला असली चेष्टा करता येत नाही. कळलं ना? मुखवट्यातून नाच निघाला आणि उपरण्यातून विनोद.

संगमनेरहून पूर्वेला, प्रवरेच्याच काठानं गेलं की नेवासे येतं. ज्ञानेश्वरांनी १२९० साली इथं ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली असं मानतात तो पैसाचा खांब आजही तिथं आहे. आता सोंगांच्या गोष्टीत ज्ञानेश्वर कुठून आले? ज्ञानेश्वरीतच एक दृष्टांत आहे बहुरूप्यांचा. बहुरूपी राजा-राणीचं सोंग घेतात. आपण खरे राजा-राणी नाही हे त्यांना मनात पक्कं ठाऊक असतं, पण लोकांपुढं ते सोंग जसंच्या तसं वठवतात. सातशे वर्षांपूर्वी नेवाश्याच्या श्रोत्यांना हा दृष्टांत चटकन कळला असेल, तर याचा अर्थ बहुरूपी त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. वेश काढून टाकता येतो, हे वेश घालणाऱ्यानं विसरायचं नसतं. पाहणाऱ्यानं मात्र खुशाल विसरावं!

आणि लोक विसरतात तरी कसे, हे पाहायला आता थेट नगर शहरात येऊ. २५ एप्रिल १९१८ रोजी इथल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात एक मुलगा जन्मला. शाहू मोडक. गोड गळा, देखणा चेहरा. १९३२ साली, म्हणजे चौदाव्या वर्षी, तो भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' या बोलपटात कृष्ण झाला. राधा होती शांता आपटे. मराठी-हिंदी बोलपट तेव्हा नुकते कुठं बोलायला लागले होते. 'श्यामसुंदर' पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. आणि मग कृष्ण म्हटलं की शाहू मोडक, असं समीकरणच झालं. पुढं एकूण २९ वेळा त्यांनी कृष्णाची भूमिका केली असं सांगतात. एकोणतीस वेळा तोच मोरमुकुट! रविवारी ज्या घरातली माणसं चर्चमध्ये जात, त्या घरातला मुलगा लाखो लोकांचा कृष्ण झाला. मोरपीस खोवलं, पीतांबर नेसला, बासरी ओठांना लावली, की लोकांना दिसला तो कृष्णच. कुणी त्याला जात-धर्म विचारायला थांबलं नाही.

त्यांचा १९३३ सालचा चित्रपट तर आपल्या विषयासाठीच काढल्यासारखा आहे. 'औट घटकेचा राजा'. एकसारखी दिसणारी दोन मुलं, एक राजपुत्र, एक गरीब. कपड्यांची अदलाबदल होते आणि सगळा घोटाळा होतो. दोन्ही मुलं शाहू मोडकच! मार्क ट्वेनची गोष्ट तुम्ही वाचली असेल, तीच ही. भारतीय बोलपटातली ही पहिली दुहेरी भूमिका मानतात. आणि १९४० साली 'प्रभात'च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. ना मुकुट, ना दागिने, साधी वस्त्रं. नगरचा मुलगा नेवाश्यात ज्ञानेश्वरी सांगणारा ज्ञानेश्वर झाला, हा योग मला फार आवडतो. नंतर १९४२ च्या 'भरत मिलाप'मध्ये ते भरत होते. रामाच्या पादुका डोक्यावर घेऊन परतणारा भरत. विचार करा, राम वनात आहे, अयोध्येच्या सिंहासनावर फक्त त्याच्या पादुका आहेत, आणि चौदा वर्षं राज्य त्या पादुकांच्या नावानं चालतं!

खरं तर रामायण-महाभारताचे कर्तेच वेशाचे मोठे जाणकार होते. आठवा पाहू. कैकेयी वनवासाला निघालेल्यांच्या हाती वल्कलं देते, आणि सीतेला ती नेसताच येत नाहीत. मारीच सोनेरी हरणाचा वेश घेतो, रावण संन्याशाचा. अज्ञातवासात भीम आचारी होतो, युधिष्ठिर कंक, द्रौपदी सैरंध्री, आणि गांडीवधारी अर्जुन बांगड्या भरून, वेणी घालून बृहन्नडा होतो, राजकन्येला नाच शिकवतो. कर्ण तर कवचकुंडलं घालूनच जन्माला येतो. ती कापून दिली आणि त्याचं नशीब फिरलं. वेश बदलला की गोष्ट बदलते, हे दोन्ही महाकाव्यांत पानोपानी आहे.

बरं, राम असा दिसतो, सरस्वती अशी दिसते, हे आपल्या डोक्यात बसवलं कुणी? देवांचा फोटो तर कुणी काढलेला नाही! याची गंमत आहे. मराठी रंगभूमीवरचं पहिलं नाटक विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलं, 'सीतास्वयंवर'. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीच्या राजेसाहेबांनी तसलं काही मराठीत करायला सांगितलं होतं. त्यानंतर गावोगाव जी पौराणिक नाटकं झाली, त्यांत राक्षस तोंडं लालभडक रंगवून, केस पिंजारून 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत येत. त्यावरून त्या नाटकांना नावच पडलं अललडुर्र नाटकं!

मग राजा रविवर्मा आले. या चित्रकारानं देवदेवतांची चित्रं काढली आणि १८९० च्या दशकात मुंबईत छापखाना घालून ती छापली. छापखाना पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. चार-दोन आण्यांची ही रंगीत चित्रं घरोघरी देव्हाऱ्याच्या वर लागली. रविवर्म्यांच्या कितीतरी देवी आणि नायिका मराठी बायकांसारखं नऊवारी लुगडं नेसलेल्या आहेत. लोकांना वाटायला लागलं, देवी अशीच असते. नाटकवाले त्या चित्रांवरून कपडे शिवायला लागले आणि सिनेमावालेही.

सिनेमावाल्यांत पहिले अर्थात दादासाहेब फाळके. ते मूळचे त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे बोहाड्याच्या मुलखातलेच. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी साडी नेसवली. हेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये काय झाले, सांगा बरं? सीता झाले. आणि रामही झाले! एकाच माणसानं दोन्ही कामं केली आणि प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये तर बाळकृष्ण झाली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. मुलगा सीता, मुलगी कृष्ण. तेव्हा वर्गात 'तू मुलगी आहेस, तू कृष्ण कशी होणार?' असं कुणी म्हणालं, तर त्याला मंदाकिनीचं नाव सांगा.

दूरदर्शनवर १९८७ साली 'रामायण' सुरू झालं आणि १९८८ साली 'महाभारत', तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. टीव्हीला हार घालणारी माणसं होती. २०२० च्या टाळेबंदीत तेच 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी ते आजी-आजोबांच्या शेजारी बसून पाहिलं असेल. तेव्हापासून मुकुट म्हणजे चकचकीत सोनेरी, असं ठरूनच गेलं आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो, त्याला चकाकी लागते. टेंभ्याला लागायचे मोठे डोळे.

आता तुमच्या स्नेहसंमेलनाचं बोलू. डिसेंबर-जानेवारी आला की आईबाबांची धावपळ सुरू होते. भाड्याचा वेश आदल्या संध्याकाळी येतो. मुकुट मोठा, झगा लांब, दाढी टोचते. आणि स्टेजवर नेमका मुकुट नाकावर घसरतो. सगळं सभागृह हसतं, राम रडायला येतो. यात मुलाचा काही दोष नाही. ज्यानं वेश चार दिवस अंगावर वागवलाच नाही, तो त्यात चालणार कसा? बोहाड्यातला माणूस लहानपणापासून आपल्या घरचं सोंग पाहत आलेला असतो. तेवढं आपल्याला जमणार नाही. पण चार दिवस तरी हवेत. म्हणून पालकांना विनंती, वेश भाड्यानं आणण्यापेक्षा घरी करा, आणि करून झाला की मुलाला तो घालून घरात जेवू द्या, जिना चढू द्या, वाकून नमस्कार करू द्या.

मुकुटासाठी जाड पुठ्ठा घ्या. डोक्याचं माप घेताना दोरी कपाळावरून आणि मागं कानांच्या वरून फिरवा. आतून जुन्या सुती साडीची पट्टी चिकटवा, म्हणजे घाम शोषला जाईल आणि मुकुट घसरणार नाही. हनुवटीखालून नाडी हवीच. बाहेरून सोनेरी कागद आणि बेगड. नक्षी मोठी काढा. बारीक नक्षी पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांनाच दिसते, शेवटच्या रांगेतल्या आजीला नाही.

मुखवटा करायचा असेल तर रद्दी वर्तमानपत्रं रात्रभर भिजत घाला, कुटून लगदा करा, त्यात खळ मिसळा. तेल लावलेल्या पातेल्याच्या पाठीवर थापून सावलीत वाळवा. डोळ्यांची भोकं तुमच्या डोळ्यांसमोर येतील तिथंच पाडा, मुखवट्याचे रंगवलेले डोळे हवे तर वर काढा. श्वासाला नाकाशी भोक ठेवायला विसरू नका. मुखवटा घातलेल्या मुलाजवळ स्टेजच्या कडेला एक मोठं माणूस उभं करा, अकोल्याच्या सोंगांबरोबर असतं तसंच. कापसाची दाढी, तागाच्या जटा घातल्या असतील तर समई, निरांजन, मेणबत्ती चार हात लांब. आणि तोंडाला रंग लावताना जुन्या नटांच्या गोष्टी ऐकून मुरदाडशिंग, हरताळ, हिंगूळ असलं काही शोधत बसू नका. पूर्वीचे नट ते वापरत खरे, पण मुरदाडशिंगात शिसं असतं, हरताळात सोमल आणि हिंगुळात पारा. तिन्ही विषारी. आज रंगभूषेचे चांगले रंग मिळतात, तेच घ्या.

राहिलं मारुतीचं शेपूट. तारेला चिंध्या गुंडाळून त्यावर तपकिरी कापड शिवलं की ते हवं तसं वळतं आणि ताठ राहतं. तारेचं टोक आत वळवून घ्या, नाहीतर मागच्या वानराच्या डोळ्यात जाईल. आणि शेपूट चड्डीला टाचू नका, कमरेला घट्ट बांधलेल्या रुंद पट्ट्याला शिवा. वानरसेनेत कुणाचा ना कुणाचा पाय त्यावर पडतोच!